हिरव्या शाईचा शेरा

माझ्या पेटीत एक कागद आहे. घड्यांवर विरलेला, पाठीमागून चिकटपट्टी लावून जोडलेला फुलस्केप. १९८१ साली आमच्या गावानं दिलेलं निवेदन. खाली एकोणीस सह्या आणि तेवीस अंगठे. वर डाव्या कोपऱ्यात हिरव्या शाईत तिरकी ओळ आहे: ‘वि. नि., मार्ग तपासून त्वरित अहवाल द्यावा.’ ‘वि. नि.’ म्हणजे विभाग नियंत्रक. ओळीखालची सही परिवहन खात्याच्या राज्यमंत्र्यांची.

मी चौतीस वर्षं एसटीत काढली. १९८२ ला वाहक म्हणून लागलो, २०१६ ला वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. या काळात मुख्यमंत्री किती बदलले, परिवहनमंत्री किती बदलले, याची मोजदाद आमच्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात कुणी ठेवली नाही. पण ती हिरवी ओळ लिहिणारा माणूस गावाला आठवतो. राज्यमंत्री म्हणजे अर्धा मंत्री, असं लोक सहज बोलून जातात. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या वाटांचा इतिहास बघितला, तर या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचं इथं फार जुनं देणं लागतं.

वाटांचं म्हणाल, तर या भागाचं मोठेपणच वाटेवर उभं आहे. जुन्नरपासून तीसेक किलोमीटरवर, घाटघरच्या पुढं नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच घाटानं बैलांच्या पाठीवर वर यायचा. घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात कोरलेत, आणि हे देशातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी आहेत. त्याच लेण्यात राजघराण्याचे पुतळे होते. आता नुसती पावलं उरलीत, वर नावं.

राजाराणीच्या या थाटापेक्षा मला जवळचा वाटतो तो जुन्नरच्या दक्षिणेकडच्या मानमोडी डोंगरातला छोटा लेख. नहपान हा क्षत्रप राजा, त्याच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, त्याचा अमात्य अयम यानं इथं दोन गोष्टी करून दिल्या: एक पोढी आणि एक मंडप. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. राजाचं नाव आधी, मग अमात्याचं, मग कामाचं. आपल्या पदाच्या आवाक्यात काय बसतं हे त्या माणसानं ओळखलं. वाटसरूला प्यायला पाणी आणि बसायला सावली. याच जुन्नरच्या लेण्यांत बांबूचं काम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचे लेख आहेत, यवनांनी दिलेली दानं आहेत. ही सगळी माणसं वाटेनं आली. अमात्य अयम त्या वाटेच्या कडेला पाणी ठेवून गेला. एसटी स्थानकावर पाण्याची टाकी बसते तेव्हा मला तो हटकून आठवतो.

पुढं वाट मोडली. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ ला त्याच घाटातून रेल्वे चढली. व्यापार खंडाळ्याकडं वळला आणि नाणेघाट गुराख्यांना उरला. रेल्वे आमच्याकडं आलीच नाही, आजही नाही. पुणे-नाशिक रेल्वेचे आराखडे झाले, मार्ग आखले, पुन्हा बदलले. खोडदच्या महादुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्ग दूर न्यायचं ठरलं. दुर्बीण आमच्या भागाची शान आहे, तिला धक्का लागू नये हे मलाही पटतं. पण मग जुन्नर-आंबेगावच्या माणसाला चाकावर बसायचं, तर रस्त्यावरचंच चाक उरतं. आमच्याकडं परिवहन म्हणजे एसटी, ते यामुळं.

एसटीच्या आधी सर्व्हिस मोटारी होत्या. माझा आजा सांगायचा, युद्धाच्या वर्षांत पेट्रोल मिळेना, तर मोटारीच्या मागं भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर ती चालवायचे. चढ आला की माणसं उतरून ढकलायची. भाडं मालकाच्या मनावर, वेळही त्याच्याच मनावर. आणि मोटार फक्त पैसा असलेल्या गावापर्यंत. घोडेगावच्या पुढं डोंगराच्या बाजूला तिचं काही काम नव्हतं.

आमच्या आंबेगावच्या माणसाला मोटार म्हटलं की आणखी एक आठवण चिकटून येते. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईला गिरणीत कामाला होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडानं भरलेल्या लॉरीपुढं तो आडवा झाला. लॉरी थांबली नाही. आज डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. त्या पाण्याखाली ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव आहे, आणि आम्ही बैलगाडीनं गेलो तो जुना रस्ताही आहे. पाणी उतरतं तेव्हा उन्हाळ्यात त्या रस्त्याचा काही भाग उघडा पडतो.

१ जून १९४८ रोजी सरकारची पहिली मोटार पुण्याहून नगरला सुटली. तीस आसनांची बेडफर्ड, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावं आम्हाला आमच्या कुलदैवतासारखी. सुरुवातीला सरकारी खात्यानंच गाड्या चालवल्या, ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’, म्हणून एसटी. १९५० च्या कायद्यानं महामंडळं उभी राहिली, पण लोकांच्या तोंडातलं नाव तेच राहिलं.

पहिली मोटार सोडणाऱ्या त्या सरकारात मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. मोरारजींच्या हाताखाली एक तरुण पार्लमेंटरी सेक्रेटरी होता, १९४६ मध्ये नेमलेला, कराडचा. यशवंतराव चव्हाण. मंत्री नाही, मंत्र्याचा मदतनीस. फायली वाचायच्या, सभागृहात बाजू सांभाळायची, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या माणसांचं ऐकून घ्यायचं. पुढं उपमंत्री, राज्यमंत्री ही पदं रुळली. त्यांचं मूळ काम मात्र हेच राहिलं. १९७२ मध्ये शरद पवारांची सुरुवातही गृह खात्याच्या राज्यमंत्रिपदापासूनच झाली.

गृह खात्याचं मी मुद्दाम बोलतोय. मोटारींची नोंदणी आणि परवाने हे इंग्रजांच्या काळी पोलिसांचं काम होतं. महाराष्ट्रात आजही परिवहनाचा कारभार मंत्रालयात गृह विभागाच्या छत्राखाली चालतो. शासन निर्णयाच्या कागदावर वर ‘गृह विभाग’ असंच छापलेलं असतं. मंत्री वेगळा, विभागाचं छत्र एक. लांबच्या खेड्यातल्या माणसाला हे कसं कळावं? त्याला नुसती गाडी हवी असते.

आम्हालाही नुसती गाडीच हवी होती. १९८१ च्या मार्चमध्ये गावातले सहा जण मंत्रालयात जायला निघाले. मी बावीस-तेवीस वर्षांचा, जुनी अकरावी झालेला, म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडं. सरपंचअण्णा, दोन पंच, शाळेचे गुरुजी, माझे चुलते आणि मी. घरून पहाटे तीनला पायी निघून घोडेगाव गाठलं, तिथून मंचर, नारायणगाव, आळेफाटा. पुढं ओतूर, माळशेज उतरून मुरबाड, कल्याण. कल्याणला लोकल. बोरीबंदरला उतरून रात्र ओळखीच्या एका माथाडी कामगाराच्या खोलीत दहा जणांत काढली. आमच्या पट्ट्यातली निम्मी घरं मुंबईच्या जिवावर चालायची, त्यामुळं खोली मिळायला अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आत सोडलं. मंत्री साहेब दौऱ्यावर होते. राज्यमंत्री होते. त्यांचं दालन लहान, बाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच माणसं, कुणाच्या हातात कागद, कुणाच्या हातात नुसती टोपी. आत गेल्यावर त्यांनी आधी बसा म्हटलं. मग निवेदन शेवटपर्यंत वाचलं. मी समोर बसून त्यांचे डोळे ओळीवरून ओळीवर जाताना पाहिले, म्हणून सांगतो. खालचे अंगठेसुद्धा पाहिले.

“पावसाळ्यात मोऱ्या वाहतात का?” त्यांनी विचारलं.

गुरुजी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, “दोन वाहत्यात सायब. त्या दिवशी गाडी अलीकडंच वळवा. आठ म्हयनं तर येऊ द्या.”

राज्यमंत्री म्हणाले, “अण्णा, रस्ता जिल्हा परिषदेचा, मोऱ्यांचं मोजमाप बांधकाम खात्याचं, गाडी महामंडळाची. यातलं एकही पुरतं माझ्या हातात नाही. पण तिघांना एकाच दिवशी पत्र जाईल, एवढं मी करू शकतो.” आणि त्यांनी खिशातलं पेन काढून दोन्ही प्रतींवर ती ओळ लिहिली. एक प्रत ठेवून घेतली, एक अण्णांच्या हातात दिली. वर चहा पाजला.

परतताना माझे चुलते नाराज होते. ‘मंजूर’ असं लिहिलं नाही, म्हणाले. पुढं नोकरीत मला शेऱ्यांची भाषा कळली. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे कागद मार्गी लागला, काम लागेल असं नाही. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे खालच्याला उत्तर द्यावंच लागेल. त्यात ‘त्वरित’ आणि खाली तारीख असेल, तर त्या कागदाला पाय फुटतात. आमच्या कागदाला फुटले. पावसाळ्यानंतर मार्ग तपासायला जीप आली, टेपनं वळणं मोजली, वडाच्या दोन फांद्या तोडायला सांगितल्या. गावानं श्रमदानानं एका मोरीवर दगड भरले. १९८२ च्या शिमग्यानंतर गाडी आली. मुक्कामी.

मुक्कामी गाडी ज्यांच्या गावाला कधी नव्हती त्यांना तिची किंमत कळायची नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुढं मी स्वतः त्या मार्गावर वाहक होतो. रात्री साडेआठला गाडी देवळापुढच्या पटांगणात लागायची. चालक इंजिन बंद करायचा, आणि एकदम रातकिड्यांचा आवाज यायचा. मी वेबिल पुरं करायचो, ट्रेमधल्या तिकिटांचे शेवटचे नंबर उतरवायचो, रोकड मोजून पिशवी कमरेला बांधायचो. कुठल्या ना कुठल्या घरून नाचणीची भाकरी आणि कांदा यायचा. पैसे देऊ केले तर बायका रागवायच्या. झोप गाडीतच, पिशवी उशाशी. थंडीत गोणपाट पांघरून.

पहाटे पाचपासून माणसं यायला लागायची. रेडिएटरला घालायला गरम पाण्याचा हंडा कुणीतरी आणायचं. पावणेसहाला मी डबल घंटी द्यायचो. पहिल्या बाकावर आजारी माणूस, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मागं घोडेगावच्या शाळेत जाणारी पोरं. टपावर आणि मधल्या वाटेत हिरड्याची पोती. वैशाखात बाळहिरड्याचा हंगाम असतो, तेव्हा गाडीला त्याचा तुरट वास महिनाभर राहायचा. पूर्वी बायका ती पोती डोक्यावर घेऊन बाजारला चालत जायच्या. दिवस जाण्यात, दिवस येण्यात, आणि व्यापाऱ्याला ठाऊक असायचं की ही माघारी पोतं नेणार नाही. गाडी आली आणि भावात बोलायची ताकद आली. माझ्या आईनं पहिल्यांदा एका व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हटलं ते त्या वर्षी. संध्याकाळी गाडी होती ना परत.

शाळेतल्या पोरींचंही तसंच. सातवीनंतर आमच्याकडं मुलगी घरी बसायची, कारण शाळा लांब. पुढं अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मुलींना मोफत पास सुरू झाला. पास ही मोठी गोष्टच, पण पासावर चढायला गाडी लागते. तिकीट माफ करायचा निर्णय मुंबईत मंत्रिमंडळात होतो. गाडी कोणत्या फाट्यापर्यंत जाणार, शाळा सुटायच्या वेळेला सुटणार की आधी, हा निर्णय खाली होतो, आणि तो बदलायला वर कुणीतरी ऐकणारं लागतं.

एसटी नुसती माणसं वाहत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला कळली ३० जुलै २०१४ च्या सकाळी. माळीण आमच्याच तालुक्यातलं. रात्रभर पाऊस, आणि पहाटेनंतर डोंगर गावावर उतरला. दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. सांगायला गावच राहिलं नव्हतं. सकाळची नेहमीची एसटी घेऊन गेलेल्या चालकाला ओळखीच्या जागी गाव दिसेना, नुसता चिखल. त्यानं कळवलं तेव्हा जगाला कळलं. मी त्या दिवशी कामावर होतो. स्थानकावर बातमी आली तेव्हा आधी कुणी बोललंच नाही. मग एकेक जण आपल्या ओळखीच्या पासधारकांची नावं घ्यायला लागला. रोज एका गावाला जाणाऱ्या वाहकाला कोण कुठल्या थांब्यावर चढतं, कुणाची म्हातारी कुठं उतरते, सगळं पाठ असतं. तलाठी आठवड्यातून एकदा येतो, डॉक्टर आला तर येतो. सरकारची रोज ठरल्या वेळी त्या डोंगरात जाणारी एकच वस्तू होती, ती आमची गाडी. तोट्यातली फेरी म्हणून कागदावर लाल रेघ मारताना हे कुणी मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता राज्यमंत्र्यांकडं पुन्हा येतो. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमात कॅबिनेट, राज्य, उप अशी उतरंड नाही. नुसते मंत्री आहेत. उतरंड वहिवाटीनं आणि कामकाजाच्या नियमांनी आली. त्यामुळं राज्यमंत्र्याला काय अधिकार मिळणार, हे कॅबिनेट मंत्री काय सोपवतो त्यावर. २००३ च्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळ आमदारसंख्येच्या १५ टक्क्यांवर बांधलं गेलं, म्हणजे आपल्याकडं जास्तीत जास्त ४३. जागा कमी झाल्या आणि एकेका राज्यमंत्र्याच्या गळ्यात चार-पाच खाती पडली. २०१९ च्या सरकारात सतेज पाटलांकडं शहरांचं गृह, गृहनिर्माण, परिवहन, माहिती तंत्रज्ञान अशी खाती होती. परिवहनात त्यांच्यावर अनिल परब, आणि गृहात एप्रिल २०२१ पासून आमच्या आंबेगावचे दिलीप वळसे पाटील. त्याच काळात, २०२१ च्या ऑक्टोबरअखेर, एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. मी निवृत्त झालो होतो, पण माझ्या हाताखाली शिकलेली पोरं त्यात होती. त्यांच्या घरात पगार नव्हता आणि गावात गाडी नव्हती. सहा महिन्यांत कितीतरी जणांनी कर्ज काढून दुचाकी घेतली, पोरींनी शाळा सोडली. संप मिटला, तरी तुटलेल्या सगळ्या फेऱ्या परत आल्या नाहीत. आमची मुक्कामी परत आली नाही.

२०२२ च्या ऑगस्टपासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत राज्यात एकही राज्यमंत्री नव्हता. सगळे कॅबिनेट मंत्री, आणि परिवहन खुद्द मुख्यमंत्र्यांकडं. त्याच काळात पंचाहत्तरीच्या पुढं मोफत प्रवास सुरू झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. मोठे निर्णय, आणि चांगले. माझी वहिनी त्या तिकिटावर आयुष्यात पहिल्यांदा एकटी पुण्याला जाऊन आली. पण त्याच दोन वर्षांत आमच्या गावानं एका फेरीसाठी तीन निवेदनं पाठवली, आणि ती कुणी उघडली की नाही हे आम्हाला कळलं नाही. मुख्यमंत्र्यानं एका खेड्याच्या मोऱ्या कधी विचाराव्यात? त्यासाठीच तर दुसरा माणूस असतो.

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, त्यात सहा राज्यमंत्री आले. परिवहनाच्या राज्यमंत्री माधुरी मिसाळ, पुण्याच्या पर्वतीच्या आमदार. दिल्लीत नागरी विमान वाहतुकीचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ, तेही पुण्याचेच. आमच्या जिल्ह्याला हा योग चांगला आहे असं मी मानतो.

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन बसलो. ती बारावीला आहे, अक्षर सुरेख. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. प्रति, माननीय राज्यमंत्री, परिवहन. विषय: मुक्कामी बस पुन्हा सुरू करणेबाबत. मी एसटीतला माणूस, म्हणून मार्गाचं अंतर, दोन्ही मोऱ्यांची आताची स्थिती, गाडी वळवायची जागा, चालक-वाहकाच्या मुक्कामाची सोय, सगळं अनुक्रमांक घालून दिलं. मोऱ्या आता वाहत नाहीत. नातीनं विचारलं, “आबा, शाळेत जाणाऱ्या किती लिहू?” मी म्हणालो, नावं घे. तिनं बोटांवर मोजलं आणि अकरा लिहिलं.

सोबत १९८१ च्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. हिरवी शाई झेरॉक्सवर काळी उमटते, म्हणून नातीनं खाली लिहिलं, ‘मूळ शेरा हिरव्या शाईत.’ मूळ कागद मी बरोबर नेणार आहे. अंगठे घ्यायची वेळ या खेपेला आली नाही. बेचाळीसच्या बेचाळीस सह्या आहेत.